दादाचे उलटे शब्द

६ जानेवारी

प्रिय वन्सं,

पाकिटावर ह्यांच्याऐवजी माझं अक्षर बघून तुम्ही घाबरला असाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुमचे दादा आहेत, घरीच आहेत आणि आत्ता खुर्चीत बसून माझ्या शिलाई मशीनच्या चाकाकडे बघतायत.

नोव्हेंबरच्या शेवटी झटका आला. उजवी बाजू गेली. सतरा दिवस दवाखान्यात होतो. तेव्हाच कळवायला हवं होतं, पण तुमचं दोघांचं दोन वर्षं एकमेकांना पत्र नाही, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि कुठल्या तोंडाने सुरुवात करायची ते मला सुचेना.

पाय आता थोडा टेकतो. बोलणं मात्र पार उसवलंय. तोंडातून शब्द निघतात, पण भलतेच. उपचार केंद्रातून दर गुरुवारी एक बाई बोलायला शिकवायला येतात. त्या स्वतःच इतकं बोलतात की मी त्यांना बोलक्या बाई म्हणते. त्यांनी बजावलंय, ह्यांच्या तोंडून निघेल तो शब्द वहीत टिपून ठेवा. आतापर्यंत दोनच शब्द पुन्हा पुन्हा आलेत. संध्याकाळी ‘लशा, लशा’. सकाळी ‘रदा’. बोलक्या बाई म्हणाल्या, अर्थ लागत नाही, पण लिहीत राहा.

मी लोकांच्या पँटी आखूड करणारी बाई. तुम्ही बहीणभाऊ जन्मभर शब्द उलटेपालटे करून एकमेकांना पाठवत बसलात, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. खरं सांगू का, रागच यायचा. दर रविवारची सकाळ तुमच्या पत्रात जायची. पण आता वाटतं, ह्या शब्दांतून काही निघणार असेल तर ते तुम्हालाच दिसेल.

तुमची वहिनी

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र छापखान्यात पोचलं, कारण मी दिवसभर तिथेच असते. प्रुफांच्या ढिगाआड तोंड लपवून रडले. मग पेन्सिल घेतली.

‘लशा’ उलट वाच. शाल. ‘रदा’ उलट वाच. दार. अक्षरं बरोबर आहेत, फक्त रांग चुकलीय. म्हणजे आतला शब्द त्याला सापडतोय.

लहानपणी आम्ही याला वाकडी कोडी म्हणायचो. सरळ कोड्यात नुसता अर्थ देतात आणि अक्षरं किती ते सांगतात. वाकड्या कोड्याचे दोन तुकडे असतात. एका तुकड्यात अर्थ, दुसऱ्यात तोच शब्द मोडूनतोडून ठेवलेला. उदाहरणार्थ, ‘बिथरलेला नवरा झाडावर राहतो’, अक्षरं तीन. ‘बिथरलेला’ हा इशारा, की पुढची अक्षरं हलवायची. नवरा हलवला की वानर. काना इकडचा तिकडे न्यायची मुभा असते. हे कोडं दादाने तुमच्या लग्नानंतर आठच दिवसांनी मला पाठवलं होतं, तेव्हा तुला सांगायचं धाडस झालं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. वरवर जे वाक्य दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. वरचा अर्थ फसवण्यासाठीच असतो.

मला लगेच निघता येत नाही. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं मार्चअखेरपर्यंत आहेत आणि गुडघा जिना चढू देत नाही. दोन वर्षांपूर्वी मी दादाला एक कडक पत्र लिहिलं होतं. त्याबद्दल तो कधी काही म्हणाला का? नसेल तर राहू दे.

तुझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ मी पेन्सिलीने दुरुस्त केले. रागावू नकोस, हाताला वळण पडलंय.

तुझी नणंद

१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र हातात पडलं तशी उठून शाल काढली आणि ह्यांच्या खांद्यावर टाकली. ह्यांनी डोळे मिटले आणि दुकान बंद करताना शटर सोडतात तसा श्वास सोडला. म्हणजे कित्येक दिवस हा माणूस थंडीने शाल मागत होता, आणि मी ‘लशा’ म्हणजे लस धरून बोलक्या बाईंना विचारत होते की ह्यांची कुठली लस राहिलीय.

दाराचंही कळलं. सकाळी पेपरवाला दाराशी पेपर टाकून जातो, तो आत आण म्हणत होते. आता पेपर मांडीवर देते. वाचतात की नाही कळत नाही, पण पान उलटतात.

तुमच्या कडक पत्राबद्दल मला ते काही बोलले नाहीत.

आता तिसरा शब्द आलाय. सकाळी मी सूप घेऊन समोर बसते तेव्हा म्हणतात ‘कोन’. चमचा उचलला की ‘कोन’. दिवसातून सात-आठ वेळा तरी. पस्तीस वर्षं ह्यांनी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले, त्यातला कोन असेल का? पण मग सूप बघूनच का आठवावा? माझं डोकं चालत नाही, तुम्ही बघा.

वहिनी

२१ जानेवारी

वहिनी,

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की हवी. न की ण? ‘कोन’ आणि ‘कोण’ हे दोन निराळे शब्द आहेत. एक मोजायचा, दुसरा विचारायचा. आणि म्हणताना तो कुठे बघतो? सूपकडे, खिडकीकडे, की तुझ्याकडे? एवढ्या एका अक्षरासाठी मी छापखान्यात अख्खी पानं थांबवलेली आहेत. नीट कान देऊन ऐक आणि कळव.

तुझी नणंद

२५ जानेवारी

वन्सं,

न आहे. नळातला न. सूपकडे बघून म्हणतात.

आज पाच पँटी आणि एक कोट आहे, जास्त लिहीत नाही.

वहिनी

२९ जानेवारी

प्रिय वहिनी,

मग सोपं आहे. को-न, उलट केलं की न-को. त्याला सूप नको आहे. लहानपणी नको असलेलं तोंडात कोंबलं की दादा दोन-दोन दिवस अबोला धरायचा, आई रडकुंडीला यायची. तू जबरदस्ती करू नकोस. ‘कोन’ म्हणाला की वाटी उचल.

तुला सांगायला हरकत नाही, हल्ली पोस्टमन रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसला की मी आधी चष्मा पुसते. दोन वर्षांनी दादाचा आवाज येतोय, तुझ्या अक्षरातून का होईना. पुढचा शब्द आला की उशीर न करता टाक.

तुझी नणंद

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

उशीर झाला. तुम्ही सांगितलंत तसं ‘कोन’ म्हणाले की वाटी उचलत गेले. दहा-बारा दिवसांत वजन तीन किलो उतरलं. बोलक्या बाईंचा आधी काट्यावर विश्वास बसेना. बसला तेव्हा त्यांनी मला चांगलंच धारेवर धरलं. वाटी उचलायला कोणी सांगितलं म्हणाल्या. मी तुमचं नाव घेतलं नाही.

आता ‘कोन’ म्हणाले तरी भरवते, आणि खातात. मुकाट्याने सगळी वाटी संपवतात. म्हणजे ‘नको’ नव्हतंच बहुतेक. मग काय होतं, काय कळायचं. असू दे ते.

नवा शब्द आहे. ‘दमत’. दुपारी मी ह्यांना खुर्चीतून उचलून पलंगावर घेते तेव्हा. ‘दमत, दमत’ असं दोनदा. कसं लागतं बघा.

वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

वजनाचं वाचलं. चूक माझी. ‘कोन’ सध्या बाजूला ठेवू, तो मला अजून दाद देत नाही.

‘दमत’ मात्र लख्ख आहे. द, म, त हलवली की मदत. तो मदत मागतोय, आणि ती कुणासाठी ते वेगळं सांगायला नको. साठीच्या बाईने एकटीने धडधाकट बांध्याचा पुरुष उचलायचा म्हणजे काय गंमत आहे? खालच्या मजल्यावर ते निवृत्त कंडक्टर आहेत ना, दादा ज्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचा? त्यांना मी वेगळं कार्ड टाकलंय, रोज दुपारी वर जाऊन हात द्या म्हणून. तू संकोच करशील हे माहीत आहे, म्हणून तुला विचारलंच नाही.

बघ हं, कुणी सरळ वाचलं असतं तर ‘दमत’ म्हणजे नुसतं थकणं धरून बसलं असतं. म्हणून म्हणते, वरच्या अर्थाच्या नादी लागायचं नाही.

तुझी नणंद

२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कंडक्टर रोज तीनच्या ठोक्याला येतात. ‘चला, पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणत ह्यांना काखेत हात घालून उचलतात. पहिल्या दिवशी ह्यांनी भुवया उंचावल्या, आता सवय झालीय. माझ्या पाठीला तीन महिन्यांनी आराम पडला. परवा मी चक्क तासभर खिडकीत बसून रस्ता बघितला. कुणाची पँट मांडीवर नव्हती. तुमचे उपकार कसे मानू तेच कळत नाही.

तुमच्या जुन्या पत्रांचे गठ्ठे काढलेत. ह्यांनी सालवार दोऱ्याने बांधून ठेवलेत, माझ्याच रिळातला दोरा. काजं करता करता एकेक कोडं वाचते. चार सुटली. तुम्हाला हसू येईल, पण पाचवं सुटत नव्हतं तेव्हा मी मशीन थांबवून बसले होते.

नवा शब्द म्हणजे दोन शब्द आहेत. ‘जरा हलवा.’ दोन-तीनदा म्हणाले.

वहिनी

३ मार्च

प्रिय वहिनी,

दोन शब्द. म्हणजे प्रगती आहे. ‘हलवा’ हा इशारा झाला. जरा हलवली, काना मागच्या अक्षराला दिला, की रजा.

बिचारा दादा. तो निवृत्त झाला हेच विसरलाय. त्याला वाटतंय, आपण घरी बसलोय आणि कचेरीत गैरहजेरी लागतेय. नोकरीत त्याने एक दिवस विनापरवानगी घरी काढला नाही, त्याच्या जिवाला हेच लागलं असणार. सोबत रजेचा अर्ज पाठवते. प्रकृती अस्वास्थ्य, सोबत दाखला, आपला विश्वासू, सगळं रीतसर आहे. त्याला सावकाश, मोठ्याने वाचून दाखव. खाली ‘मंजूर’ असा शेरा कुणाकडून तरी मारून घे.

कोडी सुटतायत हे वाचून बरं वाटलं. पाचवं कुठलं ते कळव.

तुझी नणंद

१४ मार्च

प्रिय वन्सं,

अर्ज वाचून दाखवला. ह्यांनी ऐकला की नाही सांगता येत नाही, पण कंडक्टरांनी ‘मंजूर’ लिहून झोकदार सही ठोकली आणि घरून तिकिटांचा जुना पंच आणून कागदाला भोकही पाडलं. तो अर्ज आता भिंतीवर आहे.

काल ह्यांनी तीन शब्द म्हटले. सलग. ‘फाटलेलं कापड धरा.’

वहिनी

१८ मार्च

प्रिय वहिनी,

मी पत्र तीनदा वाचलं. तुला कळलं का काय आलंय ते? हे सुटे शब्द नाहीत, हे पुरं कोडं आहे. ‘फाटलेलं’ म्हणजे मोडा. ‘कापड’ मोडलं, काना शेवटी नेला की ‘पकडा’. आणि ‘धरा’ म्हणजे तरी काय? पकडाच. इशारा, अक्षरं, अर्थ, सगळं जागच्या जागी, एक शब्द जास्त नाही. दादाच्या चांगल्या दिवसांतसुद्धा इतकं नेटकं कोडं दहांत एखादं यायचं. असं घडवायला शाबूत डोकं लागतं. आत तो जसाच्या तसा आहे, वहिनी, फक्त दार अडकलंय.

मला गप्प बसवेना. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना चार पानी पत्र लिहिलं. सगळे शब्द, तारखा, सोडवणूक, नमुना म्हणून जुनी कोडीही. त्यांना कळायला हवं की समोर कोण पेशंट आहे.

आणि तू त्याचा हात पकड. तो तेच सांगतोय.

तुझी नणंद

२ एप्रिल

वन्सं,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. तीन फाडली.

तुमचं पत्र केंद्रात पोचलं. मोठ्या डॉक्टरांनी त्यावर शेरा मारला की पेशंट सुसंगत वाक्यं बोलतो, घरी येऊन शिकवण्याची गरज उरली नाही. ह्यांची जागा दुसऱ्या कुणाला दिली. दोन गुरुवार बोलक्या बाई आल्या नाहीत तेव्हा मी चौकशीला गेले, तर तिथल्या बाईने तुमची चार पानं माझ्यापुढे ठेवली.

दमत. जरा हलवा. फाटलेलं कापड धरा. हे ह्यांचे शब्द नाहीत. माझे आहेत. ‘कोन’च्या पुढे ह्यांच्या तोंडून एकही नवा शब्द आलेला नाही.

तुम्ही लिहिलं होतंत की दोन वर्षांनी दादाचा आवाज येतोय, पोस्टमन दिसला की चष्मा पुसते. त्यावर मी काय लिहिणार होते, आवाज बंद पडला म्हणून? एवढंच कारण असतं तर मी चांगली ठरले असते. दुसरं कारणही आहे. आठवड्याला मला कुणी पत्र लिहीत नव्हतं. ह्यांचे शब्द संपले असते तर तुमची पत्रंही संपली असती.

‘दमत’ मी काही विचार करून बनवला नाही. कपड्यांचं बोचकं घेऊन जिना चढताना तोच शब्द डोक्यात वाजत होता. मधल्या पायरीवर टेकले आणि तुम्ही शिकवलेलं आठवलं, की हा फिरवला तर मदत होतो. मी दमत होते, वन्सं. तसं सरळ लिहायची लाज वाटली. रजाही मलाच हवी होती, एक दिवस. त्यावर तुम्ही ह्यांच्या साहेबांना अर्ज लिहिलात. तो वाचून दाखवताना मला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना. कंडक्टर गोंधळून एकदा माझ्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे बघत राहिले.

तिसरं कोडं मी मांडीवर खरंच फाटलेली चादर असताना केलं. जमलं म्हणून पाठवलं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय दाखवणार कुणाला?

केंद्रात मी सगळं सांगितलं. त्यांना पटत नाही. म्हणतात, शिवणकाम करणारी बाई असली कोडी कशी करेल. तुमच्याकडून लेखी खुलासा आला तरच भेटी पुन्हा सुरू करू म्हणाले. तेवढं करा. मग माझ्याशी बोलू नका हवं तर.

वहिनी

७ एप्रिल

वहिनी,

खुलासा आज रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यात लिहिलंय की चूक माझ्या वाचण्यात झाली. तुझं नाव घातलेलं नाही.

सध्या लिहू नकोस.

२७ एप्रिल

वन्सं,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहितेय. बोलक्या बाई गेल्या गुरुवारपासून पुन्हा येऊ लागल्या, हे तुम्हाला कळायला हवं. आणि दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात, त्या पोटात ठेवून मला सुई ओवता येत नाही.

पहिली. तुमचं दोन वर्षांपूर्वीचं कडक पत्र मला गठ्ठ्यात सापडलं. ह्यांनी पाठवलेलं कोडं सुटत नाही, हा आळस आहे, असलं पाठवायचं असेल तर पाठवूच नकोस, असं तुम्ही झापलंय. त्यानंतर ह्यांचं पत्र आलं नाही, म्हणजे हे रुसले असं तुम्ही धरलंत. ते रुसले नव्हते. त्यांना जमत नव्हतं. टेबलाच्या खालच्या खणात चाळीसेक कागद निघाले. प्रत्येकावर वर रविवारची तारीख, खाली ‘प्रिय छोटे’, आणि पुढे अर्धं कोडं. कुठे एकच शब्द चार वेळा लिहून खोडलेला. एका कागदावर नुसत्या कंसात आकडा, अक्षरं तीन, बाकी कोरा. मी समोर बसून बटणं लावत असायचे आणि मला वाटायचं, ह्यांचं नेहमीचं चाललंय. बोलक्या बाई कागद बघून म्हणाल्या, दुखणं तेव्हाच आत शिरलं असणार.

दुसरी. ण होता. तुम्ही अगदी नीट विचारलं होतंत, आणि मी न लिहिलं. बाणातला ण. सूपकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघून विचारत होते. कोण?

तुम्ही त्याचं ‘नको’ काढलंत तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, सूपच नको आहे ना, मग काही हरकत नाही. वाटी उचलत राहिले. तीन किलो उतरले ते ह्यामुळे. तुमच्यामुळे नाही.

वहिनी

२ मे

प्रिय वहिनी,

चाळीस कागद.

ते न सुटणारं कोडं मला तोंडपाठ आहे. ‘भिंतीवरचा मंगळवार उकळून प्यावा’, अक्षरं चार. आठ दिवस मी ते उलटंसुलटं केलं. त्याला काही होत असेल असं एकदाही मनात आलं नाही. सुटत नाही म्हणजे समोरच्याने कामचुकारपणा केला, एवढंच मला सुचलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, त्याचा हा परिणाम.

आणि तू. तू मला कागदावर ‘दमत’ लिहून पाठवलंस आणि मी तुला उलट शिकवण दिली की वरचा अर्थ बघायचा नाही. तीन आठवडे मी तुझ्यावर रागावून होते. राग कशाचा ते शोधत गेले तर तो फसवल्याचा नव्हता. ‘फाटलेलं कापड धरा’ हे दादाचं नाही याचा होता. आज तो राग गेला. कोडं फार चांगलं आहे.

रविवारी दुपारच्या गाडीने पोचते. गुडघ्याचं बघू. स्टेशनवर येऊ नकोस, कंडक्टरांना पाठवलंस तर चालेल, जिन्यासाठी.

तुझी नणंद

२१ मे

प्रिय वहिनी,

काल सुखरूप पोचले. तुझ्याकडे बारा दिवस राहिले आणि एक गोष्ट तुला न सांगता निघाले. तोंडावर सांगवली नाही, म्हणून लिहिते.

तुझ्याकडे यायला निघाले तेव्हा मनात एक लबाडी होती. तुझ्याशी त्याची ओळख एकतीस वर्षांची, माझ्याशी जन्माची. मला वाटलं होतं, मला ओळखेल. बुधवारी तू कपडे पोचवायला गेलीस तेव्हा आम्ही दोघंच होतो. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, ‘कोण?’ ण होता. माझ्या अर्ध्या कानालाही स्वच्छ ऐकू आला.

मी म्हटलं, तुझी बहीण. त्याने मान हलवली, बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला हलवतात तशी. पाच मिनिटांनी पुन्हा, ‘कोण?’ मी म्हटलं, छोटी. काही नाही. लहानपणीची दोन कोडी घातली. काही नाही. मग तो दाराकडे बघत बसला. पेपर मांडीवर होता, पान उलटलं नाही. पाऊण तास तसाच. मला वाटलं, त्याला बाहेर जायचंय. दार उघडून दाखवलं. त्याने बघितलं आणि तसाच बघत राहिला.

मग तू आलीस, पिशवी ठेवलीस. त्याने तुला विचारलं, ‘कोण?’ तोच शब्द, तोच सूर. पण विचारता विचारता त्याने पायाखालचं स्टूल डाव्या पायाने बाजूला सरकवलं, तुझी खुर्ची मावेल एवढं. तू नेहमीसारखी येऊन बसलीस, तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

याचा अर्थ मी लावत नाही. मला येत नाही. दिसलं ते लिहिलं.

तुझी नणंद

३० मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस ते स्टूल बघत होते. रोज सरकवतात. मला वाटायचं, त्यांचा पाय घसरतो.

तुम्ही गेल्यापासून मी एक बदल केलाय. आधी ‘कोण’ म्हणाले की मी ‘सूप घ्या’ म्हणायचे. आता उत्तर देते. मी तुमची बायको. दिवसातून सात-आठ वेळा तेच. त्रास होतो का म्हणाल, तर पहिल्या दोन वेळा होत नाही, पाचव्यांदा होतो.

मंगळवारी सकाळी विचारलं, मी सांगितलं. मान हलवली. चमचा पुढे केला तर तोंड उघडेनात. माझ्याकडे बघत म्हणाले, ‘आणि?’

मला वाटलं, चुकून निघालं. वहीत टिपायला पेन शोधायला लागले. परत म्हणाले, ‘आणि?’ सवयीने मी तो उलटा करून बघितला, काही होत नाही त्याचं. मग म्हटलं, आणि काय, लग्नाला एकतीस वर्षं झाली आपल्या. ‘आणि?’ आणि मी कपडे दुरुस्त करते, हे मशीन तुम्हीच आणलंत, जिन्यात अडकलं तेव्हा कठडा काढावा लागला. ‘आणि?’ आणि कठडा परत बसवताना तुमचा अंगठा ठेचला, तुम्ही आठवडाभर डाव्या हाताने रेघा मारत होतात. ‘आणि?’

सांगत गेले. पहिलं घर सांगितलं, गळकं छत सांगितलं, तुमच्या पत्रांचा राग यायचा तेही सांगितलं. किती कळलं देव जाणे. एकदाही हसले नाहीत. थांबले की ‘आणि’ म्हणायचे. सूप गार झालं, परत तापवलं, परत गार झालं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या दोन पँटी त्या दिवशी द्यायच्या होत्या. बाराला तो न्यायला आला, तर कापायच्याही राहिलेल्या. म्हणाला, वहिनी, असं कधी होत नाही तुमचं, बरं नाही का?

मी म्हटलं, बरं आहे. आम्ही जरा बोलत बसलो होतो.

तुमची वहिनी